आबाचा उजवा खांदा

ढवळे सरांच्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला असायचा. नव्या माणसाला वाटायचं, तंबाखूची डबी असेल, नाहीतर चष्म्याचं घर. खिशात मोटार असायची. सरांच्या हातात आली की तिचे दरवाजे उघडून पाठीवर जायचे, बॉनेटची छाती व्हायची, मागची चाकं टाचांना लागायची आणि तळहातावर चार बोटं उंचीचा एक रोबोट उभा राहायचा. पन्नाशीला टेकलेला, भरघोस मिशीचा माणूस त्याच्याकडे असा बघायचा की जणू तो आत्ताच गावाहून आला आहे आणि त्याला पाणी विचारायचं राहिलं आहे.

आम्ही दोघं अंबडच्या एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत नोकरीला होतो. ते फिटर ट्रेडचे निदेशक, म्हणजे शिकवणारे, मी कार्यालयात लिपिक. राहायला दोघंही जालन्यात, त्यामुळे सकाळची एसटी एकच. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि खिशातून मोटार काढली. कंडक्टर तिकिटं देत आला.

"सर, ह्याचं हाफ फाडू का फुल?"

"ह्याला तिकीट कामून?" सर मान वर न करता म्हणाले. "हा सोताच गाडी हाये."

सगळी बस हसली. मी मात्र खिडकीकडे सरकलो, मी यांच्याबरोबर नाही हे लोकांना कळावं म्हणून. ही गोष्ट लहान आहे, पण सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या अशाच सरकण्यातून झाली.

सर मूळचे तीर्थपुरीच्या बाजूचे. घर मेंढपाळाचं. आठ महिने कळपामागे फिरायचं आणि पावसाळ्यात गावी. घरातला पहिला शिकलेला मुलगा म्हणून ते जालन्यात वसतिगृहावर आले. समोरच्या चहाच्या हॉटेलात टीव्ही होता आणि त्यावर ते कार्टून लागायचं: मोटारींचे आणि विमानांचे होणारे रोबोट, त्यांच्या दोन टोळ्या आणि त्यांचं न संपणारं भांडण. सर एक चहा घेऊन एक भाग बघायचे. चहा आधी संपला तर हॉटेलवाला उठवायचा, म्हणून ते बशीत ओतून फुंकत राहायचे.

"भाषा काय कळत नव्हती," ते सांगायचे. "पण राजाभाऊ, मला नवल वाटलंच न्हाई. आमच्या घरी घोंगडं एकच. थंडीत पांघरायचं, पावसात त्याचीच खोळ, दुपारी अंथरूण, बाजारच्या दिवशी झोळी. मला वाटलं, हे कार्टून करणारा कुणीतरी आपल्यातलाच माणूस असंल."

ते वेड पुढे उतरलं नाही. वाढत गेलं. पगार सुरू झाल्यावर त्यांनी खेळणी जमवली, फोन आल्यावर देशभरातले शौकीन जमवले. त्या लोकांचे ग्रुप असतात हे मला सरांमुळे कळलं. कुठल्या वर्षीच्या रोबोटच्या छातीवर कुठला शिक्का होता यावर तिथे चार-चार दिवस वाद चालत. सर बसमध्ये फोन तोंडाजवळ धरून निकाल द्यायचे, "वो असली नही है भाई. खांदे का पेच देखो, बिलकुल नया है." बाजूच्या बाया डोक्यावरचा पदर सावरत माझ्याकडे बघायच्या. मी बाहेरचा कापूस बघायचो.

पण ग्रुपवर त्यांचा खरा मान निराळ्या कारणाने होता. या खेळण्यांचा जीव सांध्यात असतो आणि सांधेच आधी तुटतात. नागपूर, सुरत, कुठून कुठून लोक मोडके रोबोट कापसात गुंडाळून पाठवायचे. सर तास संपल्यावर पितळी सळईच्या बारीक पिना काढायचे, मोडकी पिन उपटायचे, नवी बसवायचे आणि परत पाठवायचे. संस्थेच्या पत्त्यावर येणाऱ्या टपालात निम्मं टपाल हातापायांचं असायचं. 'डॉक्टर ढवळे' असं पाकिटावर लिहिलेलं असायचं. दहा मिनिटांचं काम, ते म्हणायचे. ही दहा मिनिटं मी विसरू शकत नाही.

शिकवतानाही तेच. पहिल्या दिवशी वर्गाला लोखंड घासायची कानस नाही, रोबोट द्यायचे. "आधी सांधा बघा. ताकद मंग." आणि अडकला की, "जबरदस्ती न्हाई. अडलं की एक घर माघारी." सोंगट्यांच्या खेळातलं घर. शेवटची हालचाल उलटी करायची, अडचण कुठे आहे ते बघायचं आणि पुन्हा पुढे जायचं.

एकदा तपासणीला अधिकारी आले. हत्यारांच्या कपाटात पान्यांच्या खाली ओळीने अकरा रोबोट, प्रत्येकाला नंबर. आमच्या प्राचार्यांचा चेहरा उतरला. "ढवळे, हे काय आहे?"

"शिकवायचं साहित्य, सर." त्यांनी सात नंबर काढून अधिकाऱ्यांच्या हातात दिला. "ह्याचं विमान करा, साहेब."

साहेब आधी हसले. मग चष्मा लावला. मग खुर्ची ओढली. प्राचार्यांनी आणलेला नाश्ता गार होत राहिला. पंधराएक मिनिटांनी साहेब घामाघूम होऊन म्हणाले, "पंख निघत नाही हो."

"एक घर माघारी घ्या."

पंख निघाला. साहेबांनी लहान मुलासारखं इकडेतिकडे बघितलं. शेऱ्यात त्यांनी 'अध्यापन कल्पक' असं लिहिलं. तो कागद मीच फाइलला लावला.

सगळ्या रोबोटांना सरांनी आपली नावं दिली होती. तिरसट, गुपचूप, पाटलीणबाई. आणि आबा. आबा म्हणजे पिवळी क्रेनगाडी, टाचेपासून डोक्यापर्यंत वीतभर. क्रेनची सोंड वर येऊन त्याचा उजवा हात व्हायची. त्यांच्याकडे आलेला तो पहिला जुना, अस्सल रोबोट. वडिलांना ते आबा म्हणायचे. वडील वारले त्याच महिन्यात तो आला, म्हणून हे नाव. "छाती तशीच आणि बोलणं तितकंच," सर म्हणायचे.

आबाला ते एरवी हात लावत नसत. वर्षातून एकदाच. खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. लेथला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू. त्या रांगेत सर वडिलांची लोकर कातरायची कातर ठेवायचे आणि तिच्या शेजारी आबा, गाडीच्या रूपात. कुंकू आगकाडीच्या टोकाने लावायचे, सांध्यात जाऊ नये म्हणून. पूजेला ठेवलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, घरी आबाचा माणूस करायचा आणि त्याच्या उजव्या हातात आपट्याचं पान द्यायचं. मग सर घरातल्यांना सोनं द्यायचे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर त्यांच्या आई गावी पडल्या. सरांना जावं लागलं. जाताना त्यांनी आबा मला दिला आणि एक कागद. कागदावर सतरा चित्रं, पेन्सिलीने काढलेली, सतरा हालचालींची.

"आबाचं औंदा तुम्ही करा, राजाभाऊ. दुसऱ्या कुणाला न्हाई सांगत मी."

त्यांनी मला निवडलं याचा मला अभिमान वाटला होता. तोही लिहून ठेवतो.

सर नसल्याने नवमीची पूजा मी माझ्या घरीच केली, ती नीट झाली. दसऱ्याला सकाळी पाहुणे यायचे होते, बायको आतून हाका मारत होती. मी कागद समोर ठेवून भराभर करत होतो. बाराव्या चित्राला सोंड खांद्यात अडली. मला चांगलं ठाऊक होतं काय करायचं. शंभर वेळा ऐकलं होतं. मी अंगठ्याने दाबलं.

टक्.

आवाज पापडाचा तुकडा मोडावा इतकाच. सोंड माझ्या हातात आली. आत पिनेचं अर्धं टोक दिसत होतं. घरात चपलेला लावायचा झटपट गोंद होता. मी सगळं उलटं फिरवून आबाची गाडी केली, सोंड जागेवर ठेवली आणि खांद्यात गोंद सोडला. दोन मिनिटांत असा बसला की कुणाला शंका येऊ नये.

सर परत आले ते बसमध्येच भेटले. आई बऱ्या होत्या.

"माणूस केला?"

"केला."

"सोनं दिलं हातात?"

"दिलं."

"लई बरं झालं. मला तिकडं सारखं आबाचंच." त्यांनी मी आणलेल्या पिशवीतून आबा काढून बघितला, रुमालात गुंडाळला आणि ठेवून दिला.

मी का सांगितलं नाही? ते रागावतील म्हणून नव्हे. ते रागावलेच नसते. "असू द्या," म्हणून त्यांनी पिन काढली असती, दहा मिनिटांत. ते "असू द्या" मला ऐकायचं नव्हतं. आबा वर्षभर सरांच्या घरी काचेच्या कपाटात राहील, तोवर काहीतरी बघू, असं मी ठरवलं. काहीतरी म्हणजे काय, हे ठरवलं नाही.

त्या थंडीत, पौषातल्या एका सकाळी बसमध्ये सरांच्या हातातून मोटार पडली.

"उचला जरा," ते म्हणाले. शब्द ओला, सरकलेला आला. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी मोटार उचलून पुढे केली तर त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. बस थांबवली, एका जीपमधून जालन्याला दवाखान्यात नेलं. पाय आणि वाचा महिन्याभरात बरीचशी आली. हात आला नाही.

मी बारावी पास, कार्यालयात काम करणारा माणूस. खेळण्याचा खांदा मोडल्याने माणसाचा हात जात नाही, हे मला कळतं. पण आबाचा मी मोडला तो उजवा आणि सरांचा गेला तोही उजवाच. तेव्हापासून जेवताना घास तोंडाशी नेला की माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे जाऊ लागलं.

डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला. "ह्यांनी त्याच्याकडं पाहिलं बी न्हाई," सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या. सरांनी कपाटातले रोबोट काढायला लावले आणि त्यांना सोपा-अवघड अशी ओळ लावली. आधी तीन हालचालींचा गुपचूप. तो उजव्या हाताने जमायला दोन महिने लागले. मग पाच हालचालींची पाटलीणबाई. मी रविवारी जायचो. वहिनी चहा आणायच्या आणि हिशेब सांगायच्या, "भाऊजी, काल तिरसट अर्धा झाला." ग्रुपवरचे लोक रोज विचारायचे; सर डाव्या हाताने फोन धरून सांगायचे, "चालू है भाई, मरीज खुद का इलाज कर रहा है."

आणि एका रविवारी ते म्हणाले, "राजाभाऊ, मी ठरवून टाकलंय. दसऱ्याला आबाचा माणूस करायचा, ह्याच हातानं. झाला, तर दिवाळीनंतर ड्युटीवर. न्हाई झाला तर हात गेला समजायचं. मंग निवृत्तीचा अर्ज टाईप करा तुम्ही."

"आबाच कशाला, सर? दुसरं कुठलंही—"

"दुसरे मी ह्या वर्षात शिकलो. आबा मला झोपेत बी येतो. आबा अडला म्हणजे हातच अडला."

वहिनी हसत होत्या. मी चहाच्या कपात बघत होतो.

वैशाखापासून दसऱ्यापर्यंत मी किती वेळा सांगायला निघालो ते मला मोजता येणार नाही. बसमध्ये वाक्य जुळवायचो. त्यांच्या दारात चप्पल काढेपर्यंत ते विस्कटायचं. एकदा ते आत कपडे बदलत असताना मी कपाट उघडून आबा हातात घेतला, खांद्यात नखाने चाचपलं. गोंद दगड झाला होता. तेवढ्यात वहिनी आल्या. "बघा की भाऊजी, बघा. तुमच्यापुरतं चालतंय त्यांना." मी आबा ठेवून दिला. दुसऱ्या वेळी म्हणालो, "आबाला जरा तेलपाणी करून आणू का?" सर म्हणाले, "न्हाई. आता त्याला दसऱ्यालाच हात." दर रविवारी त्यांचा हात सुधारत होता आणि दर सुधारणेने मला जास्त धडकी भरत होती. त्यांचा हात सुधारला नाही तर बरं, असं एका दुपारी माझ्या मनात आलं. ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला त्यांनी मला सकाळीच बोलावलं. सरांनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. पाटावर कातर, झेंडू आणि आबा. त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती, पण पहिलं घर झालं. दुसरं झालं. चाकं दुमडली, पाय लांब झाले. वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. अकरावं झालं.

बाराव्याला सोंड हलली नाही.

सर एक घर माघारी आले. पुन्हा पुढे गेले. हलली नाही. दोन घरं माघारी आले. पुन्हा. त्यांनी जोर लावला नाही. ते कधीच लावत नसत. बराच वेळ ते तसेच माघारी येत राहिले आणि पुढे जात राहिले. मग त्यांनी आबाला खाली ठेवलं आणि उजवा हात डाव्या हातात घेतला, दुसऱ्याची वस्तू घ्यावी तसा.

"न्हाई," ते म्हणाले. "राहू द्या."

मी तोंड उघडलं. त्यातून निघालं ते असं: "पुढच्या वर्षी होईल, सर."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्जाचा निरोप पाठवला. मी टाईप केला. 'उजव्या हाताने काम करणे शक्य होत नसल्याने.' त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. मी तो अर्ज कार्यालयात आणला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. एकोणीस दिवस तो तिथे होता आणि एकोणीस दिवस सरांनी रोबोटला हात लावला नाही. सगळे खोक्यात भरून माळ्यावर टाकले. ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, डॉक्टर थांबला म्हणून. आलेली पार्सलं न उघडता परत गेली. परतीचे पत्ते मीच लिहिले. मी गेलो की त्यांची बोटं दिसायची. आठवड्यागणिक आत वळत चालली होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी गेलो. दिवाळी असून घरात तळणाचा वास नव्हता. मी उंबऱ्यातच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. पिन, अंगठा, गोंद, "माणूस केला" म्हणालो ते, सगळं.

वहिनींच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी मला न देता खिडकीत ठेवला. "भाऊजी, हे वीस दिवस भिताडाकडं तोंड करून बसून राह्यले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांनी माळ्यावरून आबा काढायला लावला. डाव्या अंगठ्याने खांदा चाचपला, डोळे मिटून, डॉक्टर नाडी बघतो तसा.

"हां. गोंद हाये." आणि डोळे उघडून, "म्हणजे त्या दिवशी माझा हात बराबर होता."

"होता, सर."

"सांगायला तुम्ही एक वर्ष घेतलं, राजाभाऊ. मला दहा मिनिटं लागली असती."

मग त्यांनी हत्यारांची वळकटी काढायला लावली. गोंद मीच कोरायचा होता. ते शेजारी बसून सांगत होते, "खरवडू नका. कोरा. आता थांबा. आता उलट बाजूनं." दोन तास गेले. मोडकं टोक निघालं. त्यांच्या डबीतली पितळी पिन मी बसवली. खांदा फिरला. मी आबा त्यांच्यापुढे धरला, पण त्यांनी घेतला नाही. "ठेवा कपाटात. आणि तो अर्ज पुढं पाठवा. माझी रजा संपली, आणि बोटं पाहा कशी झालीत."

मी अर्ज पाठवला.

संक्रांतीनंतर ते जालना सोडून गावी निघाले. सामान आधीच गेलं होतं. मी गेलो तेव्हा जीप दारात उभी होती, वहिनी मागे आणि सर पुढच्या सीटवर. शर्टाचा खिसा रिकामा, सपाट. मांडीवर रुमाल आणि रुमालात आबा.

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग रुमाल उघडला आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून आबावर ठेवला. चाकं आधीच दुमडलेली होती; घरून निघण्याआधीच त्यांनी सुरुवात केली असावी. वळलेला अंगठा सोंडेखाली गेला. सोंड जराशी उचलली आणि अडली. माझा हात नकळत खिडकीतून आत गेला.

"हात लावू नका," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. वर्गात म्हणायचे तसंच.

मी हात मागे घेतला. ड्रायव्हरने चावी फिरवली. सर एक घर माघारी गेले. थांबले. अंगठा पुन्हा सोंडेखाली सरकवला. जीप हलली, मी तिच्या बाजूने वळणापर्यंत चाललो. वळणावर ती जरा हळू झाली तेव्हा काचेतून दिसलं. खांदा फिरला होता. कोपर व्हायचा बाकी होता.